हरलेल्याची सही

शाळेचा वर्ग, पहाटेचे साडेपाच. केंद्राध्यक्ष रात्रभर डासांशी झटून आत्ताच उठलेत. फळ्यावर कुणा पोराची हातच्याची वजाबाकी तशीच आहे. भिंतीलगतच्या बाकड्यावर तीन माणसं मांडीला मांडी लावून बसली आहेत. परवापर्यंत हे तिघं एकमेकांच्या उमेदवाराचा उद्धार करत गावभर फिरत होते. आज ते पोलिंग एजंट आहेत, म्हणजे आपापल्या उमेदवाराचे केंद्रावरचे प्रतिनिधी.

सात वाजता मतदान सुरू होण्याआधी मॉक पोल घ्यावा लागतो, किमान ५० मतांचा. एजंट स्वतः बटणं दाबतात, कुणाला किती दिली ते कागदावर मांडलं जातं. मग केंद्राध्यक्ष ‘सीआरसी’ करतात, म्हणजे क्लोज, रिझल्ट, क्लिअर. मशीनचा आकडा, व्हीव्हीपॅटच्या (दिलेलं मत कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या) डब्यात पडलेल्या चिठ्ठ्या आणि कागदावरची मांडणी जुळली की मशीन शून्यावर. चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात जातात, लिफाफा डब्यात, आणि त्या डब्याला गुलाबी सील लागतं. कंट्रोल युनिटच्या, म्हणजे मतं साठवणाऱ्या मशीनच्या, हिरव्या कागदी सीलवर एजंट सह्या करतात. या तिघांपैकी निदान दोघांचा उमेदवार पडणार, हे सही करतानाच ठरलेलं असतं.

या सगळ्या खटाटोपात मला एक गोष्ट फार आवडते. इथे कुणीही कुणाला ‘विश्वास ठेवा’ म्हणत नाही. उलट, तुमचा एकमेकांवर विश्वास नाही हे गृहीत धरूनच बाकडं मांडलेलं असतं. आणि त्या सह्यांमधली जिंकणाऱ्याची सही तशी बिनकामाची. किंमत आहे ती हरणाऱ्याच्या सहीला.

राज्यशास्त्रज्ञांना हीच गोष्ट आकड्यांतून कळायला बरीच वर्षं लागली. ‘निवडणूक नीट पार पडली का?’ असा प्रश्न घेऊन सर्वेक्षणवाले दारात येतात, तेव्हा मतदार बऱ्याचदा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो: ‘तुमचा माणूस आला का?’ अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरचे आकडे पाहा. २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ‘निवडणूक चांगली राबवली गेली’ असं बायडेन यांच्या ९४ टक्के मतदारांना वाटत होतं आणि ट्रम्प यांच्या फक्त २१ टक्के मतदारांना. २०२४मध्ये ट्रम्प जिंकले. आता त्यांच्या ९३ टक्के मतदारांना निवडणूक चोख वाटली. चार वर्षांत २१वरून ९३! एवढ्या काळात काही मतपत्रिका, मशीनं आणि कर्मचारी असे मुळापासून बदलले नव्हते.

पण त्याच पाहणीतला चौथा आकडा मला जास्त बोलका वाटतो. २०२४मध्ये कमला हॅरिस हरल्या, तरी त्यांच्या ८४ टक्के मतदारांनी निवडणूक नीट झाल्याचं सांगितलं. हरल्यावर विश्वास थोडा उतरतो हे जगभर दिसलं आहे. हरल्यावर ताप येणारच, विश्वास ९४वरून ८४वर आला तर समजण्यासारखं आहे. तो २१पर्यंत कोसळतो तेव्हा कारण पराभवाच्या पलीकडे असतं. २०२४मध्ये हॅरिस यांनी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. २०२०मध्ये हरलेल्या उमेदवाराने तो मान्यच केला नाही. सामान्य मतदार मतमोजणीच्या टेबलापाशी बसलेला नसतो. तो आपल्या नेत्याच्या तोंडाकडे पाहतो.

याबाबतीत अल गोर यांची गोष्ट विलक्षण आहे. २००० साली फ्लोरिडा राज्यात ते ५३७ मतांनी मागे पडले आणि त्यामुळे अध्यक्षपद गेलं. छिद्र पाडायच्या मतपत्रिका, अर्धवट लोंबकळणारे कागदाचे तुकडे, महिनाभराची कोर्टबाजी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, गोर यांनी हार मानली. पण खरी परीक्षा पुढेच होती. मावळते उपाध्यक्ष म्हणून ६ जानेवारी २००१ला संसदेत मतांच्या अधिकृत मोजणीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. आणि गोर प्रत्येकाला एकच विचारत होते: या हरकतीवर एखाद्या सिनेटरची सही आहे का? नव्हती. नियमानुसार त्यांनी त्या सगळ्या हरकती फेटाळल्या. स्वतःच्या फायद्याच्या हरकती!

आपल्याकडेही चाकं अशीच फिरली आहेत. २००९ला भाजप हरला तेव्हा लालकृष्ण अडवाणींनी ईव्हीएमवर शंका घेतली होती आणि मतपत्रिका परत आणा म्हटलं होतं. पुढे बाकड्यावरच्या जागा बदलल्या, शंका घेणारे आणि शंका झटकणारेही बदलले. महाराष्ट्रात तर २०२४ साली जणू प्रयोगच झाला. जूनमध्ये लोकसभेच्या ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८पैकी २३० महायुतीला. यंत्रणा तीच, मशीनं त्याच जातीची. मशीनबद्दलची चर्चा जूनमध्ये किती झाली आणि नोव्हेंबरनंतर किती झाली, ते आपापल्या फॅमिली ग्रुपवर वर सरकवून पाहावं.

म्हणजे शंका हा नुसता रडीचा डाव असतो का? असं म्हणणं जिंकणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. जिंकलेल्या ९३ टक्क्यांनी तरी काय तपासलेलं असतं? त्यांचा विश्वास हरलेल्यांच्या अविश्वासाइतकाच फुकटचा. मतदार यादीत नावं कशी वाढली, कशी गळली, हे प्रश्न मशीनशी संबंधितच नाहीत आणि ते विचारणारा हरलेला आहे म्हणून खोटेही ठरत नाहीत. मुद्दा एवढाच की लोकांच्या भावनेवरून निवडणूक शुद्ध होती की नाही ते कळत नाही. त्यासाठी निवडणूकच तपासावी लागते. तिच्याकडे येऊच, पण आधी सहिष्णुतेचं बघू, कारण दोन्हींची नाळ एकच आहे.

१९५४च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत कम्युनिस्टांची धास्ती टिपेला असताना, सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाने जवळपास पाच हजार सामान्य नागरिकांना विचारलं: स्वतःला कम्युनिस्ट म्हणवणाऱ्याला तुमच्या गावात भाषण करू द्यावं का? जेमतेम २७ टक्के ‘हो’ म्हणाले. धर्माविरुद्ध बोलणाऱ्याला ३७ टक्क्यांनी परवानगी दिली. गंमत म्हणजे ‘तुम्हाला कसली काळजी वाटते?’ असं मोकळं विचारल्यावर कम्युनिस्टांचं नाव घेणारे एक टक्काही नव्हते. १९७०च्या दशकात तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर कम्युनिस्टाला बोलू द्या म्हणणारे निम्म्याहून जास्त निघाले. समाज उदार झाला म्हणून सगळे खूश.

१९७९मध्ये जॉन सलिव्हन, जेम्स पिअर्सन आणि जॉर्ज मार्कस यांनी या आनंदावर पाणी ओतलं. ते म्हणाले, लोकांना कम्युनिस्टांची आता भीतीच उरली नसेल तर त्यांना बोलू देण्यात कसलं आलंय औदार्य? ज्याच्याबद्दल आपल्याला काही वाटतच नाही, त्याला आपण ‘सहन’ करत नसतो. म्हणून त्यांनी प्रश्नाचा क्रम उलटा केला. कम्युनिस्ट, फॅसिस्ट, कू क्लक्स क्लॅन, ब्लॅक पँथर, गर्भपाताचे समर्थक, गर्भपाताचे विरोधक अशी यादी दिली आणि म्हटलं, आधी तुम्हाला सर्वांत नावडता गट निवडा. आता सांगा, यांना सभा घेऊ द्यायची? शाळेत शिकवू द्यायचं? यांच्यावर बंदी घालायची? वाढलेली सहिष्णुता बरीचशी विरघळून गेली. द्वेष कमी झाला नव्हता, तो वेगवेगळ्या गटांवर विखुरला होता एवढंच.

मला ही युक्ती फार थोर वाटते, कारण ती कुणालाही घरी करून बघता येते. ‘सगळ्यांना बोलण्याचा हक्क आहे’ यावर आपली मान आपोआप डोलते. मग ज्याचा चेहरा टीव्हीवर दिसताच आपण रिमोट शोधतो, त्या माणसाचं नाव त्या वाक्यात घालायचं आणि मान कुठे अडकते ते पाहायचं.

सहिष्णुता नावडत्या माणसापाशी मोजायची आणि निवडणुकीवरचा विश्वास हरलेल्या दिवशी. दोन्हीकडे आतलं गणित एकच आहे. समोरचा सत्तेवर आला तरी मला बोलू देईल, पाच वर्षांनी पुन्हा लढू देईल, असं वाटत असेल तर हार परवडते. तो मला संपवूनच टाकणार असं वाटत असेल तर निकाल मान्य करणं हा मूर्खपणा वाटू लागतो, आणि मग निकालात खोट शोधावीच लागते. अमेरिकेतल्या संशोधकांना असं आढळलं, की विरोधी पक्षाचे लोक लोकशाहीचे नियम मोडायला कितपत तयार आहेत याचा अंदाज दोन्ही बाजूंचे लोक फुगवून करतात, आणि ज्याचा अंदाज जास्त फुगलेला तो स्वतःही नियम मोडायला जास्त तयार असतो. ‘ते मोडणारच आहेत, मग आपण का नाही?’ २०२४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ३२ हजारांवर लोकांवर केलेली एक प्रचंड चाचणी प्रसिद्ध झाली. २५ वेगवेगळे उपाय एकमेकांशेजारी ठेवून तपासले होते. पलीकडच्या लोकांचं खरं मत काय आहे ते नुसतं दाखवून दिलं, तरी नियम मोडण्याला असलेला पाठिंबा कमी झाला. दोन्ही बाजूंमधली कटुता कमी करणारे उपायही सापडले, पण कटुता कमी झाली म्हणून नियमांबद्दलची आस्था वाढेलच असं मात्र दिसलं नाही. ‘चहा प्या, गोड बोला’ एवढ्याने भागत नाही तर.

आता तपासणी. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि संख्याशास्त्र यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही. भात पातेलंभर असो की लग्नाच्या पंगतीचा, दोन-चार शितं पुरतात. अट एकच, शितं वरवरची नकोत, पातेलं ढवळून कुठूनही उचललेली हवीत. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी यावर मतमोजणी तपासायची एक पद्धत उभारली. ती विचारते: जिंकणारा किती मतांनी पुढे आहे? आघाडी १० टक्क्यांची असेल तर अचानक उचललेल्या साठेक मतपत्रिका मशीनच्या नोंदीशी ताडून पाहिल्या आणि सगळ्या जुळल्या, तर निकाल चुकीचा असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. आघाडी १ टक्क्याची असेल तर सहाशेक लागतात. मतदान लाखाचं झालं की कोटीचं, याने जवळपास काही फरक पडत नाही. २०१७मध्ये कोलोरॅडो राज्याने ही पद्धत राज्यभर वापरली. कुठली शितं उचलायची ते ठरवायला डेन्व्हरमध्ये लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून २० अंकी संख्या काढली. फासे लोकांसमोर टाकले, म्हणजे आधीच ठरवलेली शितं काढली असं कुणाला म्हणता येऊ नये.

आपल्याकडे फाशांऐवजी चिठ्ठ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटमधले कागद हाताने मोजतात. नोव्हेंबर २०२४ला महाराष्ट्रात असे १,४४० संच तपासले आणि कुठेही तफावत आढळली नाही, असं निवडणूक यंत्रणेने सांगितलं. याचा अर्थ किती? राज्यात एक लाखावर केंद्रं आहेत. त्यांतली २ टक्के मशीनं बिघडवलेली असती, तर १,४४०मध्ये एकही न सापडण्याची शक्यता शून्यात जमा आहे. राज्यभर जेमतेम २०० असती तरी एखादं सापडण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या आसपास निघते. पण एकाच मतदारसंघापुरता विचार करा. तिथे साधारण ३५० केंद्रं. त्यांतली ७ मशीनं गडबडलेली असली, तर पाच चिठ्ठ्यांत त्यांतलं एकही न येण्याची शक्यता ९० टक्के! तीच तपासणी राज्यभराच्या कारस्थानासाठी पोलादी जाळं आहे आणि चुरशीच्या एका जागेसाठी गाळणीतलं भोक. दोन्ही बाजू हे अर्धं-अर्धंच सांगतात. आघाडी कितीची आहे ते पाहून तपासायच्या केंद्रांची संख्या ठरवावी, ही स्टार्क यांची साधी सूचना आपल्या नियमांत अजून आलेली नाही, आणि ती यायला हवी असं मला वाटतं.

एप्रिल २०२४मध्ये मात्र न्यायालयाने एक सुरेख तरतूद केली. निकालानंतर सात दिवसांत विधानसभा क्षेत्रामागे ५ टक्के मशीनच्या चिपची तपासणी मागता येते, आणि हा हक्क दिला आहे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. पैसे त्याने भरायचे, छेडछाड सापडली तर परत मिळणार. हरणाऱ्याची सही मोलाची, हे इथे कायद्याच्या भाषेत आलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी गाव आठवत असेल. आपल्या गावातून विरोधी उमेदवाराला इतकी मतं पडणं शक्यच नाही, असं म्हणत तिथल्या काही गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. विशेष म्हणजे त्यांचा उमेदवार मतदारसंघातून निवडूनही आला होता, शंका होती ती गावच्या आकड्याबद्दल.

‘आमच्या गावात कोण कुणाला मत देतो ते आम्हाला ठाऊक आहे’ हे वाक्य मानसशास्त्राच्या अंगणातलं आहे. १९७७मध्ये स्टॅनफर्डमध्ये ली रॉस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जाहिरातीची मोठी पाटी अंगावर अडकवून आवारात फिराल का, असं विचारलं. ‘हो’ म्हणणाऱ्यांना वाटलं, सरासरी ६२ टक्के जण ‘हो’च म्हणतील. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना वाटलं, ६७ टक्के ‘नाही’ म्हणतील. पारावर आपल्याभोवती बसणारे आपल्यासारखेच असतात, त्यामुळे गाव आपल्या मताचं वाटतं. शिवाय कुणाला मत दिलं ते न सांगण्याची सोय मतदाराला मुद्दाम दिलेली असते. फेरमतदानातून पहिलं मतदान तपासता आलंही नसतं, दुसऱ्या दिवशी येणारी माणसं आणि त्यांच्यावरचे डोळे दोन्ही वेगळे. पण गावकऱ्यांना हवं होतं ते उत्तर व्हीव्हीपॅटच्या सीलबंद चिठ्ठ्यांवर छापलेलं होतं. त्या चिठ्ठ्या त्यांच्यासमोर मोजणं जमावबंदीपेक्षा स्वस्त पडलं असतं.

पहाटेच्या त्या एजंटांच्या बाकड्याची खरी अडचण अशी की ते लाखभर ठिकाणी भरावं लागतं. छोट्या पक्षाला, अपक्षाला तेवढी माणसं कुठून मिळणार? आणि जिथे एजंट नसतो तिथली सहीही नसते. अमेरिकेतल्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसतं की ‘माझं मत नीट मोजलं गेलं’ म्हणणारे नेहमी जास्त असतात आणि ‘देशभर मतं नीट मोजली गेली’ म्हणणारे कमी. डोळ्यांसमोरच्या केंद्रावर भरवसा, लांबच्यावर संशय.

मतमोजणीच्या दिवशी टेबलावर कंट्रोल युनिट येतं तेव्हा जाळीपलीकडे बसलेल्या प्रतिनिधीच्या खिशात त्या केंद्राच्या १७-सी नमुन्याची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशोबाची, घडी घातलेली प्रत असते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी सही करून एजंटाला दिलेली. आधी मशीनवर एकूण मतांचा आकडा दाखवतात. तो कागदावर बोट ठेवून वाचतो, ७४२. मशीनवरही ७४२. तो पेनाने बरोबरची खूण करतो. त्यानंतर ‘रिझल्ट’चं बटण दाबलं जातं.