खापरीच्या काठाचे गणित

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशे गावी १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथील पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाच्या, थरांतून ताम्रपाषाण युगापासून (दगडाबरोबर तांबेही वापरात आलेल्या काळापासून) पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे पुरावे एकाखाली एक असे हाती आले. गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे आणि साक्री तालुक्यातील कवठे येथेही उत्खनने झाली. या सर्व ठिकाणी सर्वांत जास्त संख्येने सापडणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे फुटक्या मडक्याची खापरी. लाकूड कुजते, कापड नाहीसे होते, तांबे वितळवून पुन्हा वापरले जाते. मात्र भाजलेली माती फुटली तरी नष्ट होत नाही. म्हणूनच जेथे लिखित पुरावा नाही अशा काळाचा इतिहास बव्हंशी खापऱ्यांवरून वाचावा लागतो.

खानदेशात हे वाचन विशेष नाजूक आहे. तापीचे खोरे माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्या मधोमध असल्याने तिन्हींकडील भांडी येथे भेटतात. तापीकाठच्या सावळदा गावावरून ज्या संस्कृतीला नाव मिळाले, तिच्या भांड्यांवर बाणाची टोके आणि माशांचे गळ यांसारखी चित्रे आढळतात. माळव्याच्या भांड्यांवर पिवळसर किंवा नारिंगी लेपावर काळ्या-तपकिरी रंगाचे नक्षीकाम असते, तर जोर्वे या गावावरून नाव पडलेल्या संस्कृतीची भांडी लाल, चांगली भाजलेली, वाजवल्यास खणखणणारी असून त्यांत तोटीचे भांडे आणि कमरेशी कोन असलेला वाडगा हे आकार ठळक आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे सावळदा सर्वांत खाली, त्यानंतर माळवा आणि त्याच्यावर जोर्वे असा क्रम थरांतून स्पष्ट झाला. रंगवलेला तुकडा हाती आला तर जाणकाराला फारशी अडचण पडत नाही. अडचण येते ती साध्या, बिनरंगी, जाडसर तुकड्यांची. ढिगाऱ्यात त्यांचाच भरणा असतो, आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे जे काही असते ते मुख्यतः आकारात असते.

आकारावरून काळाचा क्रम लावण्याची कल्पना जुनी आहे. इजिप्तमधील राजवंशपूर्व काळातील सुमारे ९०० थडग्यांतील भांडी घेऊन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी प्रत्येक थडग्यासाठी त्यातील भांड्यांची नोंद असलेली एक पट्टी तयार केली आणि सारखी भांडी शेजारी येतील अशा रीतीने त्या पट्ट्या पुन्हा पुन्हा हलवून क्रम लावला. १८९९ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. त्यांना वाट दाखवली ती नागमोडी मुठीच्या रांजणांनी. आधीच्या रांजणांवर ही मूठ खरोखर धरण्याजोगी होती. पुढे ती आखूड आणि चपटी होत गेली आणि अखेरीस तिच्या जागी केवळ एक रंगवलेली रेघ उरली. पट्ट्या हलवण्याचे हे काम म्हणजे वस्तुतः मोजणी आणि मांडणी आहे. १९५१ मध्ये ब्रेनर्ड आणि रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकांनी साम्याचे आकडे तक्त्यात मांडून असा क्रम लावण्याची रीत दिली आणि तेथून हे काम संगणकाकडे जाणे स्वाभाविकच होते.

संगणकाला मडके दाखवायचे म्हणजे नेमके काय दाखवायचे? चाकावर घडवलेले मडके मध्याक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखे असते. त्यामुळे ओठापासून बुडापर्यंत उभा काप घेतल्यास जी रेषा मिळते, त्या एका रेषेत मडक्याचा जवळजवळ सारा आकार सामावतो. उत्खननाच्या अहवालांत भांड्यांची जी चित्रे असतात, ज्यांत एका बाजूला काप आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे रूप दाखवतात, ती याच तत्त्वावर काढलेली असतात. खापरीवरून ही रेषा मिळवण्यासाठी प्रथम तिचा मूळचा कल ठरवावा लागतो. काठ सपाट फळीवर उपडा टेकवून, त्याच्याखालून उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत तुकडा पुढेमागे कलवतात. त्यानंतर काठाच्या कमानीवरून तोंडाचा व्यास काढतात.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चुकांचा उगम बहुधा इथेच असतो. समजा, काठाचा तुकडा दोन टोकांमध्ये सरळ मोजल्यास ६ सेंटिमीटर आहे आणि मध्यभागी कमानीची उंची ४ मिलिमीटर भरते. शाळेतल्या भूमितीने यावरून तोंडाचा व्यास सुमारे २३ सेंटिमीटर येतो. उंची मोजताना केवळ १ मिलिमीटरची चूक होऊन ती ५ मिलिमीटर धरली गेली, तर व्यास सुमारे साडेअठरा सेंटिमीटर होतो. घागरीचे तोंड कोणते आणि डेऱ्याचे कोणते, हा निर्णय एका मिलिमीटरवर टेकलेला असतो. त्रिमितीय स्कॅनर काठावरचे असंख्य बिंदू नोंदवत असल्याने ही चूक पुष्कळ कमी होते, तरीही तुकडा फारच लहान असेल तर स्कॅनरलाही मर्यादा पडतात.

या अडचणीवर इस्राएलमधील वाइझमान संस्थेत अवशालोम करासिक आणि उझी स्मिलान्स्की यांनी केलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी कापाच्या रेषेवर ओठापासून पुढे चालत जाऊन प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी नोंदवल्या: मध्याक्षापासूनचे अंतर, रेषेची दिशा आणि रेषेची वक्रता, म्हणजे ती त्या ठिकाणी किती झपाट्याने वळते. या तिघांचे काम वेगवेगळे आहे. अंतरावरून भांडे मोठे की लहान, पसरट की निमुळते हे कळते. दिशेवरून खांदा उतरता की उभा हे कळते. आणि वक्रतेवरून ओठाची बारीक घडी, गळ्याजवळचा कंगोरा, कमरेचा कोन असे तपशील उठून दिसतात. शिवाय वक्रता ही रेषेची स्वतःची गोष्ट असल्याने व्यासाच्या अंदाजात चूक झाली तरी किंवा तुकडा थोडा तिरपा धरला गेला तरी ती बदलत नाही. लहान खापऱ्यांच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे.

अशा दोन रेषांमधील फरक एका आकड्यात मांडता येतो. हाती ५०० खापऱ्या असतील, तर त्यांच्या १,२४,७५० जोड्या होतात. माणसाने इतक्या जोड्या न थकता आणि सकाळी लावलेला निकष संध्याकाळी न बदलता तपासणे शक्य नाही. संगणकाला ते काही क्षणांचे काम आहे. या फरकांवरून तो जवळच्या खापऱ्या एका फांदीवर आणि दूरच्या वेगळ्या फांदीवर ठेवून वंशावळीसारखा वृक्ष उभा करतो. मात्र हा वृक्ष कोणत्या उंचीवर छाटायचा, म्हणजे चार गट मानायचे की चौदा, हे संशोधकालाच ठरवावे लागते. तीन मोजमापांपैकी कोणाला किती वजन द्यायचे, हेही त्यानेच ठरवायचे असते. माझ्या मते संगणकाचा खरा लाभ निर्णय घेण्यात नसून निर्णयाची कारणे उघड करण्यात आहे. ‘हा काठ जोर्वेचा वाटतो’ या वाक्यातले ‘वाटतो’ दुसऱ्याला तपासता येत नाही. आकड्यांवर आधारलेला गट मात्र कोणीही पुन्हा मांडून पाहू शकतो.

अलीकडे छायाचित्रांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीही आल्या आहेत. पिसा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१६ ते २०१९ या काळात युरोपात झालेल्या ‘आर्कएड’ प्रकल्पाने खापरीच्या छायाचित्रावरून भांड्याचा प्रकार सुचवणारे मोबाइल अॅप तयार केले. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील रंगीत खापऱ्यांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रणालीने अनुभवी जाणकारांच्या तोडीस तोड वर्गीकरण केले. अर्थात प्रणाली शिकते ती माणसांनी आधी नावे दिलेल्या नमुन्यांवरून, त्यामुळे ती नावे देताना झालेल्या चुकाही ती तितक्याच निष्ठेने शिकते.

खानदेशात ही पद्धत लावताना आणखी एक काळजी घ्यावी लागेल. सावळदा भांडी संथ फिरणाऱ्या चाकावरची असल्याने त्यांचा काठ काटेकोर वर्तुळाकार नसतो. एकाच मडक्याच्या दोन खापऱ्या थोड्या वेगळ्या रेषा देतात, आणि संगणक त्यांना वेगळ्या गटांत टाकू शकतो. म्हणून एका भांड्यात किती फरक असतो, हे आधी मोजले पाहिजे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी नवी घागर भरली जाते, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवले जाते, आणि त्यासाठी कुंभाराच्या हातून एकाच मापाच्या घागरी एकापाठोपाठ एक तयार होतात. अशा घागरीचा काठ आणि गळा चाकावर निघतो, तर पोट मागाहून थापीने ठोकून फुगवलेले असते. एकाच कुंभाराच्या दहा घागरींचे काप घेतले, तर काठाच्या रेषा एकमेकींच्या किती जवळ राहतात आणि पोटाच्या रेषा किती विखुरतात हे मोजता येईल. त्यानंतर प्रकाशे, बहाळ आणि कवठे येथील अहवालांतील चित्रे आकड्यांत उतरवून एकत्र मांडली, तर गिरणेकाठचा जोर्वे काठ आणि तापीकाठचा जोर्वे काठ एकाच घडणीचे आहेत काय, या प्रश्नाला आधार असलेले उत्तर मिळू शकेल. हे काम व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आकार जे सांगू शकत नाही, त्याचे उदाहरणही खानदेशच्याच स्वयंपाकघरात आहे. पुरणाचे मांडे ज्यावर भाजतात ते खापर पुरातत्त्वज्ञाला दोन हजार वर्षांनी तुकड्यांच्या रूपात सापडले, तर त्याच्या कापाची रेषा पसरट, मोठ्या वाडग्याच्या रेषेसारखी भरेल, आणि केवळ रेषा पाहणारा संगणक त्याला खुशाल वाडग्यांत बसवील. खापर चुलीवर उपडे ठेवतात, मांडा त्याच्या फुगीर पाठीवर पडतो आणि जाळ आतल्या पोकळ बाजूला लागतो, हे त्या रेषेत कोठेही नाही. ते खापरीवरच्या काजळीत आहे: शिजवण्याच्या मडक्याला ती बाहेरून धरते, खापराला आतून.