‘श्रेडेड व्हीट’: एका नावाच्या आणि एका आकाराच्या वादाची पार्श्वभूमी

‘श्रेडेड व्हीट’ म्हणजे दुधात घालून नाश्त्याला खायचे अमेरिकेतले गव्हाचे बिस्किट. ‘श्रेडेड’ म्हणजे किसलेला, असा अर्थ लावला की या बिस्किटाची कृतीच चुकीची समजते. यात गहू किसत नाहीत आणि दळतही नाहीत. अख्खा दाणा कोंडा-अंकुरासकट जवळपास उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास शिजवतात. दाण्यात 45 ते 50 टक्के ओल भरते आणि पोटातला पांढरा कच्चा ठिपका जातो. ठिपका राहिला तर पुढे तारांत पांढऱ्या रेघा उमटतात. मग पाणी निथळून दाणा गार करतात आणि काही तास मुरू देतात. इथे घाई केली तर ओल सगळीकडे सारखी पसरत नाही, दाणा घट्ट होत नाही आणि रोलरवर लगदा चिकटतो.

मुरलेला दाणा दोन रोलरांमध्ये सोडतात. एक रोलर गुळगुळीत असतो, दुसऱ्यावर बारीक खाचा असतात. खाचांत दाबला गेलेला गहू फणी खरवडून काढते आणि शेवयांसारख्या तारा खालच्या सरकत्या पट्ट्यावर पडतात. रोलरांच्या जोड्या ओळीने लावलेल्या असल्याने थरावर थर चढतो. शेवटी बोथट पाते हे थर कापते. पाते बोथटच हवे, कारण कापता कापता ते कडा दाबून एकमेकींना चिकटवते. बंद कडा आणि फुगीर पोट असा उशीचा आकार त्यातूनच येतो. हे लक्षात ठेवले तर या नावावरून आणि आकारावरून पुढे झालेला खटला नीट कळतो.

नाश्त्याच्या अशा तयार पदार्थांची सुरुवात अमेरिकेत त्याआधीच झाली होती. 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात गव्हाच्या जाड पिठाचा दोनदा भाजलेला ‘ग्रॅन्युला’ निघाला. तो रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे. 1890च्या दशकात मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी शिजलेला गहू रोलरखाली चपटा करून, म्हणजे आपल्या पोह्यांच्याच तत्त्वाने, फ्लेक्स तयार झाले. ‘श्रेडेड व्हीट’च्या तारा काढणाऱ्या यंत्राचे पेटंट 1893चे. यंत्रे विकावीत हा संशोधकाचा मूळ बेत होता, पण लोकांनी बिस्किटच उचलून धरले. 1895 मध्ये पदार्थाचेही पेटंट मिळाले आणि 1901 मध्ये नायगारा फॉल्सला मोठा कारखाना उभा राहिला.

पदार्थाचे पेटंट 1912 मध्ये संपले आणि तिथून खरा गुंता सुरू झाला. उशीच्या आकाराचे वेगळे डिझाइन पेटंट त्याआधीच, 1908 मध्ये, रद्द ठरले होते. अर्ज करण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ तो आकार उघड वापरात होता, हे त्याचे कारण. मक्याच्या फ्लेक्ससाठी प्रसिद्ध असलेल्या प्रतिस्पर्धी कंपनीने 1912 ते 1919 या काळात मिळतेजुळते बिस्किट काढले, पण त्यात गव्हाची आधी कणीक करून मग ती आकारात दाबत. अख्ख्या दाण्याचे खरे बिस्किट तिने 1922 मध्ये थोडा काळ केले आणि 1927 मध्ये पुन्हा हाती घेतले. दरम्यान मूळ कंपनी एका बिस्किट कंपनीकडे गेली. या नव्या मालक कंपनीने 1932 मध्ये प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला: नाव आमचे, आकारही आमचा, आणि जाहिरातींवर 1 कोटी 70 लाख डॉलरहून अधिक खर्च झालेला आहे.

नोव्हेंबर 1938 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी हा दावा फेटाळला. ‘श्रेडेड व्हीट’ हे पदार्थाचे नाव आहे, उत्पादकाचे नाही. पेटंट संपले की कृतीबरोबर नाव आणि आकारही सर्वांचे होतात. शिवाय आकार बदलला तर खर्च वाढतो आणि दर्जा उतरतो. प्रतिस्पर्ध्याची खोकी वेगळी होती, एका खोक्यात 12 ऐवजी 15 बिस्किटे असत आणि बिस्किट सुमारे दोन तृतीयांश आकाराचे होते. एवढे वेगळेपण न्यायालयाला पुरले. हॉटेलात खोक्याविना, दुधाच्या वाडग्यात आलेले बिस्किट कोणाचे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, ही तक्रार मात्र खोटी नव्हती. तरीही निकाल योग्यच म्हणायला हवा. उशीचा आकार पात्याने दिलेला. तो एकाच कंपनीच्या हाती राहिला असता तर पेटंट संपण्याला अर्थच उरला नसता.

पदार्थाचे साधे नाव न वापरता मुद्दाम रचलेल्या नावाचे तसे नसते, ते एका मालकाचे राहू शकते. ऑस्ट्रेलियात 1920च्या दशकात ‘वीट-बिक्स’ हे गव्हाचे नाश्त्याचे बिस्किट आले. त्यात तारा नसतात. माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडसर अर्क) घालून शिजवलेल्या गव्हाचे फ्लेक्स दाबून वडी करतात. ‘वीट-बिक्स’ काढणाऱ्या मंडळींपैकीच काहींनी इंग्लंडमध्ये 1932 मध्ये बर्टन लॅटिमरला कारखाना काढला आणि तिथे नाव झाले ‘वीटाबिक्स’. दोन्ही नावांचे मालक आता वेगळे आहेत. न्यूझीलंडमध्ये ‘वीट-बिक्स’ नोंदलेले असल्याने 2017 मध्ये क्राइस्टचर्चच्या एका दुकानाने इंग्लंडहून मागवलेली ‘वीटाबिक्स’ची 300हून अधिक खोकी सीमाशुल्क विभागाने अडवून ठेवली.