तळहाताच्या घामात उरलेलं बाळंतपण

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असा निरोप आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पेढे वाटून होतात, नाव काय ठेवायचं यावर वाद सुरू होतात. काही बायकांचं बाळंतपण मात्र तिथे संपत नाही. घाईघाईत सही घेऊन केलेलं सिझर, थांबता थांबेना असा रक्तस्राव, बाळाचे ठोके उतरल्यावर एकदम गप्प झालेली खोली. महिने उलटले तरी हे रात्री-बेरात्री डोळ्यांसमोर येतं. दवाखान्याच्या वासानंही छातीत धडधडतं.

हे प्रसूतीनंतरचं नैराश्य नव्हे. दोन्ही एकाच बाईला होऊ शकतात, पण हा आघातानंतरचा तणाव विकार आहे, पीटीएसडी. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा, की सर्वसाधारण मातांमध्ये त्याचं प्रमाण ४ टक्के असतं आणि गुंतागुंत किंवा इतर जोखीम असलेल्या मातांमध्ये १८.५ टक्के. अमेरिकेच्या मनोविकारांच्या सूचीत हा आजार १९८० साली आला, तेव्हा घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची असावी अशी त्याची कल्पना होती. युद्ध त्यात बसत होतं. घरोघरी होणारं बाळंतपण कसं बसणार? घरोघरी होतं म्हणून सोपं, हा हिशोब बाळंतिणीनं मांडलेला नसणार हे उघड आहे. १९९४ च्या आवृत्तीत ती अट गेली.

आता हा ताण मोजायचा कसा? कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चटकन आठवतं, पण ओल्या बाळंतिणीत ते फसवं ठरतं. गरोदरपणात त्याची पातळी मुळातच बरीच चढलेली असते, बाळंतपणानंतर ती उतरत जाते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईत ताणाला मिळणारा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद मंदावतो.

म्हणून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या शॅरन डेकेल यांच्या गटानं जुनीच एक पद्धत बाळंतिणींकडे आणली. रॉजर पिटमन आणि स्कॉट ऑर यांनी १९८० च्या दशकात ती व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर वापरली होती. बाई आधी बाळंतपणातला सगळ्यात भयंकर क्षण स्वतः सांगते. त्यावरून साधारण अर्ध्या मिनिटाचा मजकूर तयार होतो, वर्तमानकाळात आणि तिलाच उद्देशून. समजा, असा: ‘तुम्ही टेबलावर आहात. कोणी काही बोलत नाही. तुमचे हात गार पडले आहेत.’ तो कोरड्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिला ऐकवतात आणि मग तेवढाच वेळ तो प्रसंग मनात आणायला सांगतात. मध्येमध्ये साधे, आनंदाचे प्रसंगही ऐकवतात, म्हणजे तुलना करता येते.

या सगळ्या वेळात तिच्या अंगाला लावलेल्या तारा आपलं काम करत असतात. छातीचे ठोके मोजले जातात. भुवईजवळ चिकटवलेल्या चकत्या कपाळाला आठी घालणाऱ्या स्नायूची हालचाल टिपतात. आरशात दिसणार नाही इतकी बारीकही. तळहातावरून इतका सौम्य विद्युतप्रवाह सोडतात की तो जाणवतही नाही. तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी मनाच्या ताणाला लगेच दाद देतात, आणि घाम येताच त्वचेतून वीज सोपी वाहते. आपल्याला ओल जाणवायच्या आतच आकडा हलतो.

२०२२ मध्ये या गटानं निष्कर्ष मांडले, सहलेखकांत पिटमन आणि ऑरही होते. सगळ्या बायकांचं बाळंतपण आघाताचंच होतं, तरी ज्यांना विकार जडला होता त्यांचं शरीर आठवणीला अधिक जोरानं उसळलं.

पण हा गटागटांतला फरक आहे. खोलीतला उकाडा किंवा नुकताच घेतलेला चहाही आकडे हलवतो, आणि काहींचे तळहात मुळातच कोरडे. एकटीचा आलेख पाहून निदान होत नाही, त्यासाठी तिला प्रश्न विचारावेच लागतात. लंडनच्या सुसन आयर्स यांच्या गटाची २९ प्रश्नांची एक प्रश्नावली त्यासाठीच आहे. आणि यंत्र लावायचं म्हटलं तरी त्यासाठी ऐकवायचा मजकूर आधी तिच्याकडूनच घ्यावा लागतो.