लव्हाळा गवत नव्हे

खानदेशात कपाशीच्या बांधावर वर्षानुवर्षे एकच सल्ला ऐकू येतो : "लव्हाळा गवतच आहे, गवताचं औषध मारा." हे चूक आहे आणि त्यात शेतकऱ्याचा पैसा जातो.

एक काडी उपटा आणि दोन बोटांत फिरवा. हराळी या खऱ्या गवताची काडी गोल, पेऱ्यापेऱ्यांची लागते. लव्हाळ्याची लागते तिधारी, भरीव, बिनपेऱ्याची. गवताची पानं दोन ओळींत येतात, याची तीन ओळींत. कुळच वेगळं. म्हणून कपाशीत फक्त गवतासाठी मारतात ते क्विझालोफॉप हे तणनाशक लव्हाळ्यावर चालत नाही. मका-उसात हॅलोसल्फुरॉन चालतं, पण ते कपाशीवर चुकूनही नको, पीकच जाईल.

"खोल वखरलं की संपतो" हेही अर्धवट. मुळाशी काळपट गाठींची माळ असते (आयुर्वेदातला मुस्ता तो हाच). वखराने माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ नव्याने फुटते. ओल्या रानात वखरणं तर लागवडच. मे महिन्यात नांगरून गाठी वर काढा, उन्हात कडक वाळू द्या, वेचून बांधाबाहेर न्या. हे एका उन्हाळ्याचं काम नाही. दरवर्षी करावं लागतं.