मॅक्रो छायाचित्रण (लहान प्राण्यांचे)

कीटक, कोळी, बेडूक, पाली अशा लहान प्राण्यांची अगदी जवळून छायाचित्रे घेण्याचे तंत्र. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा प्राण्याच्या मूळ आकाराएवढी असेल, तर विवर्धन १:१ धरतात. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी.चा असतो, म्हणजे २ सेंमी.चा कीटक चौकटीची अर्ध्याहून अधिक रुंदी व्यापतो.

खरी अडचण डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे चित्रात रेखीव येणाऱ्या खोलीची. १:१ ला एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा; तो जितका मोठा, तितके छिद्र बारीक) ती जेमतेम १ मिमी. भरते, एफ/१६ वर सुमारे २ मिमी. म्हणून नवशिके अ‍ॅपर्चर होईल तेवढे बारीक करतात आणि तिथेच फसतात. इतक्या जवळून सेन्सरपर्यंत प्रकाश कमी पोचतो. लेन्सवरचे एफ/११ हे १:१ ला प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागते. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो पसरतो, आणि फोकसमधला भागही मऊ पडतो. निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर कॅमेरा बहुधा हा बदललेला आकडाच दाखवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या सेटिंग्जची नुसती नक्कल करण्यात अर्थ नाही. १:१ च्या आसपास लेन्सवरचे एफ/८ ते एफ/११ बहुतेकदा पुरते.

अ‍ॅपर्चरपेक्षा कोन जास्त कामाला येतो. पंख मिटून बसलेले फुलपाखरू बरोबर बाजूने, सेन्सरला समांतर धरले, तर सोंडेपासून पंखाच्या कडेपर्यंत सगळे एकाच प्रतलात येते. तेच समोरून टिपले, तर डोळे स्पष्ट आणि बाकी सारे धूसर. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या बाबतीत मात्र समोरचे दोन मोठे डोळे लख्ख आले की चित्र जमले. पाय धूसर राहिले तरी बिघडत नाही.

ऑटोफोकस इतक्या जवळ चाचपडतो. मॅन्युअलवर विवर्धन आधी ठरवून घ्यावे, फोकसच्या रिंगला हात न लावता अंग हलकेच पुढे-मागे न्यावे आणि डोळा स्पष्ट दिसताच शटर दाबावे. श्वासाबरोबर होणारी हालचालही १ मिमी.हून जास्त असू शकते, म्हणून कोपर टेकवणे उत्तम.

हातात कॅमेरा असेल, तर १/२०० सेकंदाचे शटर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० ते ४०० आणि कमी शक्तीवरचा फ्लॅश हा भरवशाचा मेळ आहे. हालचाल गोठवण्याचे काम इथे शटर नव्हे, फ्लॅशचा अतिअल्प झोत करतो. फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा डिफ्यूझर हवाच, त्याशिवाय भुंग्याच्या पाठीवर किंवा बेडकाच्या ओल्या कातडीवर पांढरे डाग उमटतात.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक टिपायला छायाचित्रकार मोठ्या संख्येने जातात. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला आंबोली टोड हा अतिसंकटग्रस्त भेक तिथलाच. चांगल्या फ्रेमसाठी बेडूक उचलून दुसऱ्या पानावर ठेवणे पूर्ण गैर आहे. त्यांची कातडी नाजूक असते आणि ती त्यांना श्वसनालाही लागते.

एका चित्रात न मावणारी खोली फोकस स्टॅकिंगने मिळवतात: फोकस थोडा-थोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन त्यांतले रेखीव भाग संगणकावर जोडतात. पहाटे गारठून बसलेली, दवाने भिजलेली टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) त्याला योग्य. ऊन चढले, वारा सुटला की चित्रे एकमेकांवर बसत नाहीत.