हाताचा क्लच निवडताना आधी केबलचा रस्ता बघा

इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेच्या, गाडीचं काम सुरू झालं की वाद रंगतात ते इंजिन आणि सस्पेन्शनवर. क्लचचा विचार होतो चॅसिस वेल्ड झाल्यावर. तो पहिल्या आराखड्यातच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

या गाड्यांत ७१० सीसीपर्यंतचं, बहुधा मोटरसायकलचं इंजिन असतं. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९०चं जुनं ३७३ सीसी इंजिन अनेकांच्या आवडीचं. गाडी धावू लागली की क्षणभर इग्निशन तोडून वरचा गिअर टाकता येतो. क्लच खरा लागतो तो सुटताना, थांबताना किंवा गाडी गरकन फिरली तर. तेवढ्यासाठी चिंचोळ्या जागेत तिसरं पेडल कोंबण्यापेक्षा क्लच हाताशी दिलेला बरा. डावा पायही ब्रेकसाठी मोकळा राहतो.

पण इथे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं. केबल सीटला वळसा घालून मागे जाते, आणि प्रत्येक वळणावर आतली तार आउटरला, म्हणजे वरच्या नळीसारख्या आवरणाला, घासते. हे घर्षण नुसतं लांबीने वाढत नाही. वळणांच्या एकूण अंशांनुसार ते गुणाकाराने चढतं. घर्षणांक ०.१ धरला तर ९० अंशांना हाताला सुमारे १७ टक्के जादा जोर लागतो, १८० अंशांना ३७ टक्के आणि २७० अंशांना ६० टक्के. खुंट्याला दोराचे दोन वेढे दिले की बैल अडतो, त्यामागे हेच गणित आहे.

तारेऐवजी पाइपातल्या तेलाने जोर पोचवणाऱ्या हायड्रॉलिकला वळणांचं वावडं नाही. लिव्हरकडचा मास्टर सिलिंडर १० मिलिमीटर व्यासाचा आणि क्लचकडचा स्लेव्ह २० चा घेतला तर जोर चौपट होतो. मात्र सरक, म्हणजे क्लचकडचं टोक जेवढं हलतं ते अंतर, पावपट उरते. लिव्हर लांब केला तरी सौदा तोच. सरक कमी पडली की क्लचच्या प्लेटी एकमेकींपासून पूर्ण सुटत नाहीत, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. शिवाय पाइप सायलेन्सरजवळून गेला, तेल तापून त्यात बुडबुडे झाले, तर लिव्हर पोकळ लागतो.

स्पर्धेतल्या ७५ मीटरच्या सरळ शर्यतीत सुटताना हाताला क्लच कुठे पकडतो हे नेमकं कळावं लागतं. ड्रायव्हरसकट २८० किलोची गाडी क्लच घसरवत ताशी ३६ किलोमीटरपर्यंत नेली, तर तिला १४ किलोज्यूल गतिज ऊर्जा मिळते, आणि साधारण तेवढीच उष्णता प्लेटींत जाते. हे सगळं पाहता एका सिलिंडरच्या इंजिनाला, दोन सौम्य वळणांत रस्ता बसत असेल तर, मी केबलच घेईन. ती स्वस्त, हलकी, आणि मैदानावर पाच मिनिटांत बदलता येते. चार सिलिंडरच्या ६०० सीसीला, क्लचच्या स्प्रिंगा कडक असतील तर, हायड्रॉलिक.

लिव्हर स्टिअरिंगवर नको. ड्रायव्हरला ५ सेकंदांत बाहेर पडायचं असतं, त्यासाठी स्टिअरिंग झटक्यात निघावं लागतं. त्याला लोंबणारी केबल अडचणच. लिव्हर गिअरच्या दांड्यावरच बसवला तर एका मुठीत दोन्ही कामं होतात.

वेल्डिंगआधी नुसत्या सांगाड्यात ड्रायव्हरला हातमोजे घालून, पट्टे आवळून बसवा. लिव्हर तात्पुरता बांधा, केबल ठरलेल्या रस्त्याने क्लचला जोडा, लिव्हरच्या टोकाला इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणारा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढा. तोच लिव्हर मूळ मोटरसायकलच्या केबलवर लावून पुन्हा ओढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या वळणांनी खाल्लेला जोर. लिव्हरला थोडी ढील ठेवा आणि इंजिन तापल्यावर परत तपासा, कारण प्लेटी झिजतात तशी ही ढील कमी होत जाते. ती संपली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, जळतो.