अंतर्कर्णातील चेताग्राही

अंतर्कर्णातील चेताग्राही : कानाच्या सर्वांत आतल्या भागात केशपेशींनी, म्हणजे ध्वनी व हालचाल टिपणाऱ्या, टोकावर बारीक केस असलेल्या पेशींनी, सोडलेली किंवा मेंदूकडून त्यांच्यापर्यंत आलेली रसायने टिपून त्यांचे विद्युत्‌संदेशात रूपांतर करणारी प्रथिने. मराठवाड्यात बहिरेपणाचा विषय निघाला की बोलणे कान वाहणे, पडदा फाटणे आणि मशीन लावणे यांवरच येऊन थांबते. कान आणि चेतातंतू यांच्यातला हा सांधा मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. सततच्या गोंगाटाचा मार या सांध्यालाही बसतो.

कॉक्लिया म्हणजे अंतर्कर्णातली गोगलगाईच्या शंखासारखी ऐकण्याची नळी. प्रत्येक कॉक्लियात सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. बाहेरच्या पेशी संख्येने जास्त असल्या तरी श्रवणचेतेच्या सुमारे ३०,००० तंतूंपैकी ९० ते ९५ टक्के तंतू आतल्या पेशींनाच जोडलेले असतात. ऐकण्याचे काम आतल्या पेशींचे. बाहेरच्या पेशी लांब-आखूड होऊन बारीक आवाज वाढवून देतात.

ध्वनीने आतल्या पेशीचे केस वाकले की पोटॅशिअम आत येतो, मग तळाशी कॅल्शिअम शिरतो आणि पेशी ग्लुटामेट हे संदेश नेणारे रसायन सोडते. समोरच्या तंतूच्या टोकावर ॲम्पा जातीचे ग्राही असतात. ग्लुटामेट चिकटताच ते उघडतात आणि दारे मोडल्यावर वाफ्यात पाणी शिरावे तसा सोडिअम तंतूत शिरतो. हे सगळे एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकते. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे मेंदूला कळते ते या वेगामुळेच. सांडलेले ग्लुटामेट मोडणारे विकर (एन्झाइम) तिथे नसते; ते शेजारच्या आधारपेशी शोषून घेतात.

आवाज फार मोठा आणि लांबलेला असेल तर ग्लुटामेटचा पूर येतो. ग्राही उघडेच राहतात, तंतूच्या टोकात मीठ-पाणी भरते, टोक फुगते आणि तुटते. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. पण कॉक्लियाच्या काही भागांत निम्म्याच्या आसपास जोडण्या कायमच्या गेल्या होत्या. माणसातही असेच घडत असावे, असे मृत्यूनंतर तपासलेल्या कानांवरून दिसते. नेहमीच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या पातळीच्या आलेखात, मात्र ही हानी उमटत नाही. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे तास-दोन तास नाचल्यावर कानात दडे बसतात, गुंई वाजत राहते आणि सकाळी कान मोकळा होतो. तो मोकळा झाला म्हणजे सारे निभावले, असे समजणे धोक्याचे आहे. हीच गोष्ट जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कामगाराची आणि सोयाबीनच्या सुगीत दिवसभर मळणी यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या मजुराची. कापसाचा बोळा कानात घालायची सवय अनेकांना आहे, पण त्याने आवाज फार थोडा अडतो. फोमचे बोळे नीट बसवले तर बरेच अधिक संरक्षण देतात.

बाहेरच्या केशपेशींवरचा ग्राही अगदी वेगळा आणि माझ्या मते या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत विलक्षण आहे. मेंदूच्या देठाकडून येणारे तंतू इथे ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतात. ते टिपणारा ग्राही अल्फा-९ आणि अल्फा-१० या घटकांचा बनलेला असतो. यातील अल्फा-९ अर्जेंटिनाच्या बेलेन एलगोयेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ओळखला. स्नायूंमध्ये ॲसिटिलकोलीन पेशीला चेतवते. इथे ग्राहीतून आलेले कॅल्शिअम शेजारची पोटॅशिअमची वाट उघडते आणि पेशी शांत होते. आवाजाची वाढ कमी होते, गोंगाटात बोलणे ऐकायला मदत होते, कानाला थोडे संरक्षणही मिळते. निकोटिन ॲसिटिलकोलीन टिपणाऱ्या या कुळातल्या इतर ग्राहींना चालू करते, याला मात्र बंद पाडते. काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांतले स्ट्रिकनीनही त्याला जोरदार अडवते.

तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्यांतही ग्लुटामेट व ॲसिटिलकोलीनचे ग्राही असतात. एटीपी हे पेशीतले ऊर्जा पुरवणारे रसायन टिपणारा पी-२-एक्स-२ हा आणखी एक ग्राही. त्याच्या जनुकात दोष असेल तर वयाबरोबर ऐकू येणे घटते आणि गोंगाट अधिक बाधतो.

ग्राही धड असूनही संदेश न पोहोचणे, असेही घडते. ओटोफर्लिन हे प्रथिन सदोष असेल तर केशपेशी ग्लुटामेट सोडूच शकत नाही. हा दोष आईवडील दोघांकडून आला तरच बाळ बहिरे होते. म्हणून मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या मराठवाड्यातील घरांत अशा अप्रभावी दोषांची जाण हवी. नवजात बाळाच्या ओएई तपासणीत कानात आवाज देऊन कानातून परत येणारा बारीक ध्वनी मोजतात; ती बाहेरच्या केशपेशींपुरतीच असल्याने असे बाळ त्यात चक्क पास होते. बेरा तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून, टकटक आवाज देऊन, चेतेतला संदेश मोजतात. दोष तिथे उघड होतो. चेतातंतू शाबूत असल्याने या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेल्या आणि चेतेला थेट विद्युत्‌संदेश देणाऱ्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो. २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी ओटोफर्लिनचे निरोगी जनुक कॉक्लियात सोडून जन्मतः बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागल्याचे प्रसिद्ध केले.